बिनडिस्कचे बारा संगणक, दोन पावसाळे आणि आयपीएक्सई

फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात बारा संगणकांचा एक कक्ष आहे. सरकारी नोकरभरतीचे अर्ज भरणारी मुले, इनस्क्रिप्टवर मराठी टंकलेखनाचा सराव करणाऱ्या मुली आणि सकाळी ई-पेपर चाळायला येणारे ज्येष्ठ वाचक यांनी तो दिवसभर भरलेला असतो. त्याची तांत्रिक देखभाल माझ्याकडे आहे. मिरगापासून चवथीपर्यंत इथली हवा किती ओली असते आणि वीज किती वेळा ये-जा करते, हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. दोन वर्षांत आमच्या सहा हार्डडिस्क निकामी झाल्या, आणि प्रत्येक वेळी नवी डिस्क बसवून, प्रणाली टाकून, प्रिंटर जोडून देण्यात माझा एक रविवार गेला. शेवटी बाराही संगणकांतल्या डिस्क काढून टाकायच्या, सगळी साठवण कपाटातल्या एकाच सर्व्हरवर ठेवायची आणि प्रत्येक संगणकाने ती नेटवर्कवरून शोधून सुरू व्हायचे, असे कार्यकारिणीने ठरवले.

हा अभिप्राय त्या व्यवस्थेतील, संगणकाला नेटवर्कवरून सुरू करून देणाऱ्या आयपीएक्सई नावाच्या एका छोट्या, विनामूल्य प्रोग्रॅमविषयी आहे. सर्व्हर आणि स्विच बाजारातून निवडून आणता येतात आणि त्यांच्यावर लिहिलेलेही पुष्कळ आहे. पण संगणकाने अंधारात हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही, तर घोडे नेमके कुठे अडले हे सांगणारा या साखळीत मला हा एकच घटक सापडला. दोन पावसाळे त्याच्या भरवशावर काढल्यानंतर मी हे लिहीत आहे.

त्याचे महत्त्व कळण्यासाठी आधी त्याच्याशिवाय काय घडते ते पाहायला हवे. डिस्क नसलेला संगणक सुरू केला की त्याच्या नेटवर्क कार्डातील पीएक्सई ही सोय जागी होते. इंटेलने तिचा २.१ हा आराखडा १९९९ मध्ये प्रसिद्ध केला आणि कार्यालयातले बहुतेक डेस्कटॉप आजही त्याच वाटेने जातात. त्या क्षणी संगणकाला स्वतःचा पत्ता माहीत नसतो आणि सर्व्हरचाही नसतो. म्हणून तो ०.०.०.० या रिकाम्या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या सर्वांसाठीच्या पत्त्यावर डीएचसीपीची, म्हणजे नेटवर्कवर पत्ता मागण्याच्या ठरलेल्या पद्धतीची, हाक मारतो: मी पीएक्सईचा ग्राहक आहे, मला पत्ता द्या आणि कोणती फाइल कोणाकडून घ्यायची ते सांगा. उत्तर आले नाही तर तो ४, ८, १६ आणि ३२ सेकंद थांबत पुन्हा पुन्हा विचारतो आणि मिनिटभरात प्रयत्न सोडून देतो. उत्तर आले, तर त्यात सांगितलेली फाइल तो टीएफटीपीने उतरवून घेतो.

टीएफटीपी हा फारच साधा प्रोटोकॉल आहे. तो मुळात ५१२ बाइटांचा एक ठोकळा पाठवतो, त्याची पोच येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढचा ठोकळा पाठवतो. ठोकळ्याचा क्रमांक १६ बिटांचा असल्यामुळे मूळ नियमांनुसार सुमारे ३२ मेगाबाइटांपेक्षा मोठी फाइल त्यातून जात नाही. ठोकळ्याचा आकार वाढवण्याची सोय पुढे आली, पण कार्डातल्या जुन्या रॉमला, म्हणजे कार्डात मुळातच बसवलेल्या प्रोग्रॅमला, ती कितपत पेलते, हे यंत्रागणिक बदलते. आमच्याकडील लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणि त्याच्यासोबतची प्रारंभिक फाइल मिळून ९० मेगाबाइटांच्या घरात जातात. त्या पहिल्या दिवशी मी टीएफटीपीनेच उतरवून पाहिल्या, तेव्हा बारा संगणक एकाच वेळी सुरू केल्यावर शेवटच्या यंत्राला साडेचार मिनिटे लागली.

आयपीएक्सईचा उपयोग इथून सुरू होतो. एथरबूट या जुन्या मुक्त प्रकल्पातून जीपीएक्सई आणि त्यातून २०१० मध्ये आयपीएक्सई वेगळा झाला. तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतो. जुन्या बायोसच्या, म्हणजे संगणक चालू होताच जाग्या होणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, यंत्रांसाठी असलेली त्याची फाइल १०० किलोबाइटांच्या आत बसते. कार्डातल्या पीएक्सईने टीएफटीपीवरून एवढीच इवली फाइल उतरवायची. एकदा आयपीएक्सई चालू झाला की पुढच्या मोठ्या फाइली तो एचटीटीपीने, म्हणजे ज्या मार्गाने ब्राउझर एखादे पान उतरवतो त्याच मार्गाने, सलग ओढून घेतो. त्याच बारा संगणकांची तीच चाचणी नंतर घेतली, तेव्हा शेवटचा संगणकही मिनिटाच्या आत लॉगिनच्या पडद्यावर आला. मुख्य म्हणजे कार्डातला रॉम बदलावा लागत नाही. आयपीएक्सई तिथे जळवून बसवता येतो, पण आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही.

मांडणीत एक खड्डा आहे आणि त्यात बहुतेक जण एकदा तरी पडतात, मीही पडलो. आयपीएक्सई चालू झाल्यावर तोही डीएचसीपीची हाक मारतो. सर्व्हर त्यालाही मघाचेच उत्तर देतो की आयपीएक्सईची फाइल घे. तो ती घेतो, स्वतःलाच पुन्हा सुरू करतो, पुन्हा हाक मारतो, आणि पडद्यावर तीच पाटी अखंड येत राहते. यावरचा उपाय सोपा आहे. आयपीएक्सई आपल्या हाकेत १७५ क्रमांकाचा स्वतःचा पर्याय जोडतो. डीएचसीपी सर्व्हरने तो दिसला तर प्रोग्रॅमऐवजी सूचनांची छोटी स्क्रिप्ट द्यायची आणि नाही दिसला तरच प्रोग्रॅम द्यायचा. आम्ही सर्व्हरवर डीएनएसमास्क हा डीएचसीपीचा छोटा प्रोग्रॅम वापरतो, त्यात हे दोन ओळींत होते. त्याचप्रमाणे ९३ क्रमांकाच्या पर्यायातून यंत्र आपला प्रकार सांगते, ० म्हणजे जुने बायोस आणि ७ म्हणजे ६४ बिटी यूईएफआय, ही बायोसची जागा घेणारी नवी पद्धत. आमच्या बारांपैकी तीन यंत्रे नवी आहेत, त्यांना त्यावरूनच वेगळी फाइल जाते.

बारांपैकी अकरा संगणक लिनक्सची एकच प्रतिमा, म्हणजे संपूर्ण प्रणालीची तयार प्रत, सामाईकपणे वापरतात. एलटीएसपी या नेटवर्कवरून संगणक चालवण्यासाठीच्या प्रकल्पाच्या साधनांनी ती बनवली आहे, आणि त्या प्रकल्पाने बूटच्या, म्हणजे संगणक सुरू करण्याच्या, यादीसाठी आयपीएक्सईच स्वीकारलेला आहे. प्रतिमा एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीने, फक्त वाचण्यापुरती मिळते. वापरणाऱ्याने केलेले बदल त्या यंत्राच्या रॅममध्ये राहतात आणि यंत्र बंद करताच पुसले जातात. सार्वजनिक कक्षाला याहून सोयीची गोष्ट नाही. कोणी ब्राउझरमध्ये काहीही बसवून ठेवले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र कोरे असते. मराठीचा एखादा नवा फाँट हवा असला तर तो सर्व्हरवरच्या प्रतिमेत एकदाच टाकतो आणि दुसऱ्या दिवशी अकराही ठिकाणी दिसतो.

बारावा संगणक हिशेबाचा आहे आणि त्याची गरज निराळी आहे. त्याला स्वतःची, लिहिता येणारी, कायमची डिस्क हवी होती, म्हणून त्याला आयस्कझीवरून डिस्क दिली. एनएफएसमध्ये सर्व्हर फाइली देतो, तर आयस्कझीमध्ये तो कोरी डिस्कच देतो. तिच्यावरचे कप्पे आणि फाइली यांचा संसार वापरणारा संगणक स्वतः सांभाळतो. म्हणूनच साधी फाइल-प्रणाली असलेली एकच आयस्कझी डिस्क दोन संगणकांनी एकाच वेळी लिहिण्यासाठी उघडली, तर दोघेही आपापल्या समजुतीप्रमाणे लिहितात आणि माहितीची माती होते. सामाईक वापराला एनएफएस आणि एकट्याच्या वापराला आयस्कझी, एवढा भेद मनात पक्का असल्याशिवाय कोणी या वाटेला जाऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आयस्कझी डिस्कचा पत्ता आयपीएक्सईला एका ओळीत द्यावा लागतो. आधी ‘आयस्कझी’ हा शब्द, मग विसर्गासारखा कोलन, मग सर्व्हरचा पत्ता, त्यापुढे प्रोटोकॉल, पोर्ट आणि डिस्कचा क्रमांक यांच्या जागा, आणि शेवटी डिस्कचे लांबलचक नाव. त्या नावात वर्ष, महिना आणि उलट क्रमाने लिहिलेले डोमेन असते. मधल्या तीन जागा रिकाम्या ठेवल्या तर नेहमीची मूल्ये धरली जातात, म्हणजे पोर्ट ३२६० आणि डिस्क ०. त्यामुळे सर्व्हरचा पत्ता आणि नाव यांच्यामध्ये सलग चार कोलन येतात. मी पहिल्यांदा तीनच दिले होते. नाव एक जागा अलीकडे सरकले आणि डिस्क उघडेना. आयपीएक्सईने तसे सांगितले, सोबत एक आठ अक्षरी संकेतांक दिला, आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकताच चूक कोणत्या प्रकारची आहे ते सांगणारे पान उघडले. कोलन मोजायला मला त्यानंतर मिनिटभरही लागले नाही.

डिस्क सापडली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. आयपीएक्सईने जोडलेली डिस्क कर्नल चालू झाल्यावर त्याच्या स्वाधीन व्हावी लागते. त्यासाठी आयपीएक्सई स्मृतीत आयबीएफटी नावाचा एक तक्ता ठेवून जातो. कोणता सर्व्हर, कोणती डिस्क, कोणत्या कार्डावरून, हे त्यात लिहिलेले असते. कर्नलसोबतची प्रारंभिक प्रणाली तो तक्ता वाचून स्वतः पुन्हा जोडणी करते. आमच्याकडे ती जोडणीही झाली, पडद्यावर ओळी भराभर वर सरकल्या आणि मग सगळे जागच्या जागी थिजले. नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेने नेहमीच्या सवयीने कार्ड खाली घेऊन नवा पत्ता मागितला होता, आणि मूळ डिस्कच त्या कार्डावरून येत असल्यामुळे ती सेवा स्वतः जिच्यावर उभी होती ती डिस्क निघून गेली. त्या कार्डाला हात लावू नये, असे सेवेला सांगितल्यावर अडचण मिटली. दोष आयपीएक्सईचा नव्हता. त्याचे काम तक्ता ठेवण्यापर्यंतच असते. परंतु नवख्या माणसाला ती सीमा कुठेही दिसत नाही, आणि माझे दोन शनिवार तिच्यावर गेले.

विजेचा प्रश्न याहून मोठा निघाला. सर्व्हरला यूपीएस होता, हिशेबाच्या संगणकालाही यूपीएस होता, पण दोघांच्या मधला स्विच भिंतीतल्या साध्या प्लगावर होता. पहिल्याच पावसाळ्यात एका दुपारी वीज चार मिनिटे गेली. दोन्ही टोके जिवंत होती आणि मधला सांधा मेला होता. लिनक्समधील आयस्कझीची सेवा जोडणी तुटल्यावर मूळ मांडणीत १२० सेकंद वाट पाहते आणि मग लिहिणे अशक्य असल्याचे वरच्या थराला कळवते. तसे झाले, फाइल-प्रणाली फक्त वाचण्याच्या अवस्थेत गेली आणि खजिनदारांनी नुकत्याच भरलेल्या वर्गणीच्या सात नोंदी गेल्या. त्यांनी त्या पावती-पुस्तकावरून पुन्हा भरल्या, पण मला ते लागून राहिले. आता स्विचही यूपीएसवर आहे आणि ती १२० सेकंदांची मुदत ८६,४०० सेकंदांवर, म्हणजे एका दिवसावर नेलेली आहे. मूळ डिस्कच नेटवर्कवर असेल तर मुदत अशी लांब ठेवावी, असे त्या सेवेच्या माहितीपत्रातच सुचवलेले आहे. ते मी आधी वाचायला हवे होते.

आयपीएक्सईविषयी माझे मत खऱ्या अर्थाने बनले ते दुसऱ्या पावसाळ्यात. जूनच्या एका रात्री गडगडाटात इंटरनेटचा राउटर जळाला आणि दुसऱ्या दिवशी सेवा देणाऱ्यांच्या माणसाने नवा आणून बसवला. संध्याकाळी ग्रंथपालांचा फोन आला, ‘सर, एकही मशीन चालू होईना, सगळ्यांवर काळा पडदा आहे.’ पडद्यावर कार्डाच्या रॉमचा संदेश होता, पीएक्सई-ई५३, म्हणजे बूटच्या फाइलचे नाव मिळाले नाही. आमच्या मांडणीत पत्ते राउटर वाटतो आणि फाइलचे नाव तेवढे आमचा सर्व्हर त्याच्या जोडीने कळवतो. याला प्रॉक्सी डीएचसीपी म्हणतात आणि राउटरला हात न लावता काम होत असल्यामुळे लहान संस्थांना तो सोयीचा पडतो. मग नाव का मिळेना? सर्व्हर तर चालू दिसत होता.

माझ्या पिशवीत आयपीएक्सई घातलेला एक पेनड्राइव्ह असतो. तो तीन नंबरच्या संगणकाला लावला आणि यंत्र त्यावरून सुरू केले. पडद्यावर कार्डाचे नाव आले, जोडणी जिवंत असल्याचे आले, मग पत्ता मिळवण्याची ओळ आली आणि तिच्यापुढे एकेक टिंब उमटू लागले. आमच्या कक्षात या टिंबांची सगळ्यांना इतकी ओळख झाली आहे की ‘सर, आठ नंबर अजून टिंबांवरच आहे’ असे मुलेच येऊन सांगतात. पाचव्या टिंबानंतर ‘ओके’ आले. त्याखाली मिळालेला पत्ता होता १९२.१६८.१ ने सुरू होणारा, आणि त्याखाली संदेश होता, बूट करण्यासारखे काहीच नाही. आमचे जुने पत्ते १९२.१६८.० चे होते. नव्या राउटरने पत्त्यांचा पट्टा बदलला होता. आमचा सर्व्हर जुन्याच पट्ट्यात बसून जुन्याच पट्ट्यातल्या हाकांची वाट पाहत होता. नव्या राउटरमध्ये पूर्वीचा पट्टा घातला आणि पंधरा मिनिटांत बाराही यंत्रे उभी राहिली. हाक पोचली होती, अर्धे उत्तर आले होते आणि उरलेले अर्धे आले नव्हते, हे तीन ओळींत दाखवणारे साधन हाताशी नसते, तर त्या संध्याकाळी मी सर्व्हरच उघडून बसलो असतो.

एका गोष्टीत आयपीएक्सईही मदत करू शकला नाही. आठ नंबरचा संगणक इतरांपेक्षा नेहमी मागे राहत असे, पण त्याच्या पडद्यावर चूक म्हणून काही येत नव्हती. शेवटी स्विचकडे पाहिले तेव्हा त्याच्या पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी होता, म्हणजे जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटांवर उतरली होती. केबलचे टोक काढून खिडकीच्या उजेडात धरले. आठांपैकी दोन पितळी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर होता आणि नखाने खरवडल्यावर तो पावडरीसारखा गळला. १०० मेगाबिटांना तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक जोडी गेली की यंत्र बोलत राहते, पण दहापट हळू. ९० मेगाबाइट उतरवायला जिथे सेकंदभर पुरतो तिथे आठ सेकंद लागतात, आणि पुढे प्रत्येक फाइल उघडताना तोच उशीर होतो. नवे टोक चढवल्यावर आठ नंबर रांगेत आला. ओल्या हवेच्या प्रदेशात नेटवर्कवरून बूट करायचे असेल तर केबलच्या टोकांवर चार पैसे जास्त खर्च करावेत. डिस्क यंत्रात असते तेव्हा गंजलेली तार इंटरनेट मंद करते. डिस्क तारेपलीकडे असते तेव्हा ती संपूर्ण संगणक मंद करते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वायफायवरून हे काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये. ही तारेची व्यवस्था आहे. यूईएफआय यंत्रांवर आम्हाला सुरक्षित बूट, म्हणजे मान्यतेची सही नसलेला प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी सोय, बंद ठेवावे लागले, आणि ज्या संस्थेत ते बंद करण्याची मुभा नाही तिने आधी तेवढे तपासून घ्यावे. त्याच तीन यंत्रांपैकी एकावर आयपीएक्सईच्या स्वतःच्या ड्रायव्हरने कार्ड ओळखले, पण माहिती मधेच थांबत असे. यंत्राच्या फर्मवेअरचाच ड्रायव्हर वापरणारी त्याची दुसरी फाइल दिल्यावर ते सुरळीत झाले. कोणत्या यंत्राला कोणती फाइल चालेल, हे प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. माहितीपाने अचूक आहेत, पण ती आधीच जाणणाऱ्यासाठी लिहिलेली आहेत; आज्ञांची यादी मिळते, पहिल्यापासून शेवटपर्यंत हात धरून नेणारे पान सहज मिळत नाही. आणि आयस्कझीवरून जाणारी माहिती उघडी असते. चॅप पद्धतीने नाव आणि गुप्तशब्द विचारता येतो, पण मजकूर झाकला जात नाही. म्हणून हिशेबाचा संगणक आणि सर्व्हर यांची वाट आम्ही स्विचवर वाचकांच्या यंत्रांपासून वेगळी केली आहे.

प्रोग्रॅमला पैसे लागले नाहीत. खर्च झाला तो गिगाबिट स्विच, नव्या केबली, सर्व्हरमधल्या एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क आणि यूपीएसच्या बॅटरी यांवर, आणि तो बारा नव्या हार्डडिस्कांच्या खर्चाच्या आत बसला. दहा ते तीस यंत्रे, एका खोलीत, तारेने जोडलेली आणि त्यांच्यासाठी महिन्यातून एखादा दिवस देणारा एक माणूस, अशी स्थिती असलेल्या शाळेला किंवा वाचनालयाला मी आयपीएक्सई निःसंकोच सुचवतो. दोनतीन यंत्रांसाठी एवढा व्याप करू नये. तिथे साधी एसएसडी बसवावी. ज्यांना आमची मांडणी पाहायची असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर वाचनालयात यावे. सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पत्त्यांचा पट्टा, डीएनएसमास्कच्या दोन ओळी आणि चार कोलनांसह डिस्कची ओळ ठळक अक्षरांत लिहिलेली आहे. येताना मोबाइलवर त्याचा फोटो काढून नेला तरी चालेल. गुप्तशब्द त्यावर नाही.